देवाला हात न जोडणारी लेक आणि आईच्या डोक्यावरची जट

“ताई, हिला जरा समजावून सांगा. देवाला हात जोडंना झालीया. उद्या आमच्या माघारी हिला वळण कोण लावणार?”

ही काळजी माझ्याकडे महिन्यातून दोन-तीनदा तरी येते. मुलगा नास्तिक झाला, मुलगी आरतीला उभी राहत नाही, आता ही मुलं नीतीनं वागतील का? आणि त्याच घरातली मुलं बाहेर बाकावर बसून सांगतात की धर्मानंच सगळ्यांचं वाटोळं केलंय. कोल्हापूरजवळच्या एका गावातून आलेल्या या मायलेकींची गोष्ट दोघींच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई पंचेचाळिशीची. डोक्यावरून घट्ट पदर, मान जराशी उजवीकडे कललेली. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ती माझ्याकडे बघतही नव्हती. मी तिला विचारलं, “देवावरचा विश्वास कधी उडाला?” ती उठली आणि आईच्या डोक्यावरचा पदर मागे सारला.

उजव्या कानामागून कमरेपर्यंत उतरलेली जट. मनगटाएवढी जाड, हळदकुंकवानं माखलेली, दोरखंडासारखी कडक. खोलीत तेलाचा आणि ओलसर घामाचा वास पसरला. जटेच्या वजनानं आईची मान आठ वर्षं दुखत होती. कूस बदलायची तर आधी जट हातानं उचलून बाजूला ठेवावी लागे. लेक म्हणाली, “माझ्या आईपेक्षा हिची यल्लम्मा मोठी. मी नववीत असताना रडून सांगितलं, काप. नाही कापली. असला देव मला नको.”

आई काही बोलली नाही. फक्त पदर परत ओढून घेतला.

त्या दिवशी मी जटेचा विषय पुढे नेला नाही. अंगात बळ येईपर्यंत माणसाला ओढू नये, हे मी चुका करूनच शिकले आहे. मी लेकीला तिच्या कॉलेजच्या दिवसाबद्दल विचारलं. बोलता बोलता ती सांगून गेली की वॉर्डात एक म्हातारी दोन दिवस उपाशी बसली होती, नातवाला सोडून खाली जायला तयार नव्हती, तेव्हा हिनं आपला डबा तिला दिला. “का दिलास?” तिला प्रश्नच कळला नाही. “म्हणजे? ती उपाशी होती.”

आई पहिल्यांदा सरळ बसली. “दारातला उपाशी म्हंजे इठोबाच,” ती हळूच म्हणाली. दर आषाढाला गावावरून दिंडी जाते, तेव्हा पहाटे तीनला उठून ती शंभरेक भाकऱ्या थापते. लेक लहानपणापासून चुलीशेजारी बसून ते बघत आली होती. तिनं विठोबा सोडला होता, भाकरी सोडली नव्हती. मी आईला एवढंच विचारलं, “वळण लागलंय की नाही?” तिनं उत्तर दिलं नाही, पण लेकीकडे बघत राहिली.

खरी गाठ तिसऱ्या भेटीत सुटली. मी आईला एकटीला बोलावलं होतं. केस विंचरणं सुटलं, त्यात तेल, धूळ, घाम बसला की गुंता होतो आणि त्याचीच पुढे जट बनते. तिच्या बाबतीत हे सासूच्या लांबलेल्या आजारपणात झालं, तिच्या सेवेत स्वतःकडे बघायला वेळ नव्हता तेव्हा. गुंता दिसताच शेजारणींनी सांगितलं, देवीचा कौल आहे. देवऋषी म्हणाला, कापलीस तर कोप होईल. कुणावर? आई खाली बघत म्हणाली, “लेकीवर. तिचा जीव जाईल म्हनाला.”

आठ वर्षं जी मुलगी म्हणत होती की आईला माझ्यापेक्षा देवी प्यारी, तिच्याच जिवासाठी आईनं ते ओझं वागवलं होतं आणि भीतीपोटी तोंडातून शब्द काढला नव्हता. मला त्या देवऋषीचा भयंकर राग आला, अजूनही येतो. 2013 साली पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो त्याच वर्षी झाला. अंगात अतींद्रिय शक्ती असल्याचं भासवून लोकांच्या मनात भीती घालणं या कायद्यानं गुन्हा आहे. मी हे आईला सांगितलं. तिला तक्रार करायची नव्हती. मी जबरदस्ती केली नाही.

देव आहे की नाही, या वादात मी तिच्याशी शिरले नाही. तिच्याच देवीबद्दल विचारलं, “लेकराचा जीव मागेल का ती?” बराच वेळ गेला. “आई हाय ती,” एवढंच म्हणाली. मग आम्ही वही काढली. जट डोक्यावर असताना आठ वर्षांत लेक किती वेळा आजारी पडली? डेंग्यू. टायफॉइड. स्कूटरवरून पडून हात मोडला. आईनं स्वतः मोजलं आणि पेन खाली ठेवलं.

अशा वेळी मला 1947 सालचं पंढरपूर आठवतं. दलितांना विठ्ठलमंदिरात प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले, आणि देऊळ उघडलं. दार अडवणारेही विठ्ठलाचंच नाव घेत होते, दार उघडा म्हणणारेही. म्हणून “धर्म चांगला की वाईट” असं कुणी विचारलं की मी म्हणते, तुमच्या घरात त्यातलं काय भीतीनं चाललंय आणि काय मायेनं, ते आधी बघू या.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या घरी येऊन जट कापतात. मंगळवार नको, ही आईची अट होती, पाळली. तिनं आधी दिवा लावला. लेक, जी हात जोडत नाही, ती आईचे दोन्ही हात धरून समोर बसली. कात्री नीट चालेना, इतकी जट कडक. खाली पांढरी पडलेली, उवांनी चावलेली त्वचा होती. जट तुटून पडल्यावर आईची मान आपोआप वर गेली आणि ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली, जणू काहीतरी चुकलं.

बारा दिवसांनी सकाळी सहाला तिचा फोन आला. लेकीला ताप. आवाज थरथरत होता. याची तयारी आम्ही आधीच करून ठेवली होती: वही उघडायची, डेंग्यूची ओळ वाचायची, मग डॉक्टरकडे जायचं. तिनं फोनवरच ती ओळ मला वाचून दाखवली. साधा ताप होता, तीन दिवसांत उतरला. ते तीन दिवस मलाही जड गेले, कारण तो चौथ्या दिवशीही उतरला नसता तर काय, हे मला ठाऊक होतं.

शेवटच्या भेटीला दोघी आल्या तेव्हा आईचे केस कानापर्यंत वाढले होते. “ही अजून हात जोडत नाही,” तिची तक्रार चालूच होती. लेक म्हणाली, “आषाढात भाकऱ्यांना सुट्टी काढलीय मी.” आणि पर्समधून बारीक दातांचा कंगवा काढून तिनं आईचा सुटलेला पदर बाजूला केला.