अमेरिकेत दुसऱ्या राज्यातल्या पब्लिक युनिव्हर्सिटीत ॲडमिशनचे चान्सेस खरंच किती असतात?

तुम्ही विचारलंय की आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगी अकरावीत आहे, जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी) ३.९, एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा, १६०० पैकी) १५०० च्या आसपास, तर यूएनसी, यूटी ऑस्टिन, बर्कली, मिशिगन अशा ठिकाणी आउट-ऑफ-स्टेट म्हणून कितपत आशा धरायची. या चार नावांना एकच उत्तर देता येत नाही हो. चारही सरकारी, चारही नावाजलेल्या, पण बाहेरच्या पोरांना किती जागा द्यायच्या हे प्रत्येकीचं वेगळं, आणि ते बरंचसं त्या त्या राज्याच्या राजकारणात आणि तिजोरीत आधीच ठरलेलं असतं, तुमच्या लेकीचा अर्ज कुणी उघडायच्याही आधी.

यूएनसी चॅपल हिलला १९८६ पासून नियम आहे की फर्स्ट इयरला बाहेरची मुलं १८ टक्क्यांच्या वर घ्यायची नाहीत. म्हणजे शंभरातल्या ८२ जागा नॉर्थ कॅरोलायनाच्या पोरांच्या आणि उरलेल्या अठरात बाकीची आख्खी अमेरिका प्लस परदेशातले. त्यामुळे गूगलवर जो एक ॲक्सेप्टन्स रेट दिसतो तो बघून हुरळून जाऊ नका, त्यात घरचे-बाहेरचे सगळे एकत्र घातलेले असतात आणि बाहेरच्यांचा खरा आकडा त्याच्या बराच खाली असतो.

टेक्सासचं तर आणखी कडक. यूटी ऑस्टिनमध्ये फ्रेशमनच्या ९० टक्के जागा टेक्सासवाल्यांच्या, आणि त्यातल्याही बहुतेक ऑटोमॅटिक ॲडमिशनच्या, म्हणजे टेक्सासच्या शाळेत वर्गात वरच्या ठरावीक टक्क्यांत आलात की प्रवेश पक्का. आधी वरचे ६ टक्के होते, २०२६ च्या फॉलपासून (म्हणजे ऑगस्टच्या सुमारास सुरू होणाऱ्या सत्रापासून) ५ केलेत, म्हणजे तिथल्याच पोरांना पुरेना झालंय. आपल्याकडे यूटीला 'सेफ्टी', म्हणजे हमखास मिळेल अशी शाळा, म्हणून लिस्टमध्ये टाकणारे पालक मी बघितलेत, त्यांना काय म्हणावं! बाहेरच्यासाठी ती रीच शाळा आहे, म्हणजे मिळणं कठीण अशी, तीसुद्धा लांबची.

बर्कलीची गंमत वेगळीच आहे. २००८ च्या मंदीनंतर कॅलिफोर्नियाने पैसे कापले, तेव्हा जास्त फी भरणारी बाहेरची मुलं यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, बर्कली तिचाच एक भाग) हवीहवीशी झाली, मग घरची पोरं बाहेर राहतायत म्हणून ओरड सुरू झाली, २०१६ मध्ये राज्याच्या ऑडिटरनेच झाडलं, आणि २०१७ मध्ये यूसीने बाहेरच्यांवर मर्यादा घातली. तुमच्या मुलीच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे यूसी ॲडमिशनला एसएटी बघतच नाही, त्यामुळे ते १५०० तिथे काही कामाचे नाहीत. जीपीएची किमान अट कॅलिफोर्नियाच्या मुलांना ३.०, बाहेरच्यांना ३.४, ती तुमची आरामात पार होते, पण किमान म्हणजे फक्त फॉर्म भरण्यापुरतं. आणि पैसे बघा, २०२५-२६ ला नव्याने येणाऱ्या बाहेरच्या मुलाला नेहमीच्या ट्युशनवर, म्हणजे कॉलेजच्या शिक्षण फीवर, वर्षाला ३७,६०२ डॉलर जास्तीचे, शिवाय यूसीची स्वतःची नीड-बेस्ड ग्रँट (घरची ऐपत बघून दिलेली मदत) बाहेरच्यांना मिळत नाही.

मिशिगनला असा कोटा नाही, तिथे जवळपास निम्मी मुलं बाहेरची असतात. म्हणून चौघींत दार त्यातल्या त्यात उघडं तेच, फक्त आत जायचं तर बाहेरच्यांची ट्युशनच वर्षाला ६० हजार डॉलरच्या पुढे आहे, राहणं-खाणं वेगळं.

आता मी काय करेन ते सांगतो. प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या नावापुढे 'कॉमन डेटा सेट' (युनिव्हर्सिटी स्वतःचे आकडे ठरावीक नमुन्यात देते तो कागद) टाकून सर्च करा, पीडीएफ मिळते. त्यात सी-७ नावाचा तक्ता आहे, त्यात कुठल्या गोष्टीला किती वजन ते लिहिलेलं असतं, तिथे 'स्टेट रेसिडेन्सी'ची, म्हणजे त्या राज्याचे रहिवासी असण्याची, ओळ शोधा. मग त्याच पीडीएफमधल्या एफ-१ तक्त्याला जा, फर्स्ट इयरची किती टक्के मुलं बाहेरच्या राज्यातली ते थेट दिसतं. दहा मिनिटांचं काम आहे, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या काका-मावशांपेक्षा शंभरपट भरवशाचं. एफ-१ मध्ये आकडा दहा-पंधरा दिसला तर ती लॉटरी समजा, निम्म्याच्या आसपास दिसला तर त्यांना तुम्ही हवे आहात. अलाबामासारख्या ठिकाणी तर बाहेरचीच मुलं जास्त आहेत आणि जीपीए-टेस्ट स्कोअर बघून सरळ स्कॉलरशिप देतात, तिथे तुमचे १५०० कामाला येतील. पर्ड्यूसुद्धा बघा, बाहेरची मुलं भरपूर घेतात आणि २०१३ पासून ट्युशन वाढवलेली नाही.

मेजर, म्हणजे मुख्य विषय, तुम्ही लिहिलंच नाहीये! कॉम्प्युटर सायन्स असेल तर वरचं सगळं आणखी खाली ओढा, कारण बऱ्याच ठिकाणी युनिव्हर्सिटीत प्रवेश आणि सीएसमध्ये प्रवेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिॲटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनला सीएससाठी बाहेरच्या राज्यातून थेट घुसणं जवळजवळ अशक्य आहे, आणि आत गेल्यावर बदलून घेऊ म्हणाल तर तेही सोपं नाही.

तारखा सांभाळा. जॉर्जिया टेकची अर्ली ॲक्शन (लवकर अर्ज करायची मुदत) जॉर्जियातल्या मुलांसाठी वेगळी आणि बाहेरच्यांसाठी वेगळी असते, शाळेतली दुसरी कुणी सांगेल ती तारीख आपली धरू नका.

आणि एक वर्ष तिथे काढलं की इन-स्टेट, म्हणजे त्या राज्याची रहिवासी, होऊन फी कमी होईल, असं कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढा. शिकायला म्हणून आलेल्या मुलाला सहसा ते देत नाहीत, आईवडील न्यू जर्सीत आणि खर्च आईवडिलांचा, तर मुलगी न्यू जर्सीचीच धरतात. तुम्ही एच-१बी वर (नोकरीचा व्हिसा) आणि मुलगी एच-४ वर (त्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर ते अजून किचकट होतं, कारण एच-४ वाल्यांना रेसिडेन्सी द्यायची की नाही हे राज्यागणिक वेगळं आहे, टेक्सास-कॅलिफोर्निया त्यांना पात्र धरतात, पण फेडरल एड, म्हणजे केंद्र सरकारची शिक्षणासाठीची मदत, कुठेच मिळत नाही, आणि २१ पूर्ण झाले की व्हिसा बदलावा लागतो तेव्हा फीचा हिशोबही बदलू शकतो. तसं असेल तर आपल्या न्यू जर्सीच्या सरकारी रटगर्ससकट प्रत्येक ठिकाणच्या रेसिडेन्सीवाल्यांना आत्ताच ईमेल टाकून उत्तर लेखी घ्या, फोनवर दोन माणसं दोन गोष्टी सांगतात.