‘निष्ठा’, ‘इमान’ आणि कोरियन ‘निम’: एका शंकेचे उत्तर

एका वाचकाची शंका अशी आहे. केबीएस वाहिनीवर 2011 साली प्रसारित झालेली ‘द प्रिन्सेस मॅन’ ही 24 भागांची कोरियन ऐतिहासिक मालिका त्यांनी पाहिली. पदच्युत बालराजाची बाजू न सोडणारे मंत्री आणि वडिलांना दुरावून प्रियकराच्या पाठीशी उभी राहणारी नायिका, या दोघांच्याही वर्तनाला ‘लॉयल्टी’ हाच शब्द लावलेला त्यांच्या वाचनात आला. मालिकेवर मराठीत लिहिताना दोन्ही ठिकाणी ‘निष्ठा’ म्हणावे, की मंत्र्यांची ती ‘स्वामिनिष्ठा’ आणि नायिकेचे ते नुसते ‘प्रेम’ असा भेद करावा, आणि ‘इमान’ हा शब्द यांत कोठे बसतो, असे त्यांनी विचारले आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. दोघांनाही ‘एकनिष्ठ’ म्हणण्यात काही चूक नाही, आणि ते इंग्रजीच्या मागे जाऊन म्हणावे लागत नाही, कारण राजावरची निष्ठा आणि प्रियजनावरची निष्ठा एकाच शब्दात बोलण्याची रीत खुद्द कोरियन भाषेतच जुनी आहे. मात्र ‘स्वामिनिष्ठा’, ‘राजनिष्ठा’ आणि ‘इमान’ हे तीन शब्द एकमेकांच्या जागी घालता येत नाहीत.

त्यासाठी प्रसंग थोडक्यात ध्यानात घ्यावा लागेल. जोसॉन घराण्यातला राजा सेजोंग 1450 मध्ये वारला, त्याचा मुलगा मुनजोंग दोनच वर्षांनी गेला आणि 11 वर्षांचा दानजोंग गादीवर आला. त्याचा चुलता सूयांग याने 1453 मध्ये ज्येष्ठ मंत्री किम जोंग-सॉ याला ठार करवून कारभार हाती घेतला, 1455 मध्ये पुतण्याला उतरवून तो सेजो या नावाने स्वतः राजा झाला, आणि 1456 मध्ये दानजोंगला परत गादीवर बसवण्याचा कट फुटल्यावर ज्या सहा जणांनी प्राण दिले ते ‘सायुकशिन’, म्हणजे मृत्यू पत्करलेले सहा सेवक, या नावाने प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी योंगवॉल येथे हद्दपारीत दानजोंगचाही अंत झाला. मालिकेने या इतिहासात एक दंतकथा गुंफली आहे. सूयांगची मुलगी आणि किम जोंग-सॉच्या घरातला मुलगा यांच्या प्रेमाची ही कथा 1873 मधल्या एका कथासंग्रहात आढळते; तेथे नायक किम जोंग-सॉचा नातू आहे, मालिकेत तो त्याचा धाकटा मुलगा किम सुंग-यू झाला आहे.

1453 च्या या घटनेचे नावही शब्दप्रेमी माणसाने थांबून पाहावे असे आहे. तिला ‘ग्येयू जॉंगनान’ म्हणतात. ‘ग्येयू’ हे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचे नाव. आपल्या पंचांगात त्या वेळी शके 1375, श्रीमुख संवत्सर चालू होते. ‘जॉंगनान’ म्हणजे संकट शमवणे. सत्ता बळकावणाऱ्यानेच आपल्या कृत्याला ‘बंदोबस्त’ असे नाव दिले आणि तेच इतिहासात टिकले. म्हणून मराठीत लिहिताना ‘1453 चा सत्तापालट’ असे तटस्थपणे लिहावे हे बरे. ‘ग्येयू बंड’ म्हटले तर बंड नेमके कोणी केले याबद्दल वाचकाचा घोटाळा होतो.

आता शब्दांकडे वळू. ‘निष्ठा’ हा ‘नि’ आणि ‘स्था’ यांपासून झालेला शब्द आहे, त्याच्या मुळाशी घट्ट उभे राहणे आहे, आणि म्हणूनच त्यात ‘ठ’ आहे. ‘निष्टा’ हे अलीकडे सर्रास दिसणारे रूप चुकीचे आहे. उभे कशावर राहायचे हे ‘निष्ठा’ स्वतः सांगत नाही. ध्येयनिष्ठा, तत्त्वनिष्ठा, पक्षनिष्ठा असे काहीही तिच्यापुढे जोडता येते, आणि हेच तिचे बळही आहे आणि उणेपणही. ‘स्वामिनिष्ठा’ त्या मानाने नेमका शब्द आहे, कारण त्यात ज्याच्यासाठी उभे राहायचे ती व्यक्ती आली. तो लिहिताना ‘मि’ ऱ्हस्व ठेवावा. सुटा ‘स्वामी’ मराठीत दीर्घ लिहितात, पण मूळ संस्कृत शब्द ‘स्वामिन्’ असल्यामुळे तो समासात आधी आला की ऱ्हस्व होतो, जसे ‘मंत्री’ पण ‘मंत्रिमंडळ’.

‘राजनिष्ठा’ मात्र येथे टाळावा असे मी आग्रहाने म्हणेन. एक तर इंग्रजी अमदानीत या शब्दाला रावबहादुरीचा जो वास लागला तो अजून पुरता गेलेला नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. राजनिष्ठ मनुष्य गादीशी बांधलेला असतो, मग गादीवर कोणीही असो. त्या अर्थाने पाहिले तर सेजोची चाकरी पत्करून पुढे सर्वोच्च मंत्रिपदापर्यंत पोहोचलेला शिन सुक-जू हाच खरा राजनिष्ठ ठरेल, आणि प्राण देणारे सहा जण राजद्रोही ठरतील; सेजोच्या दरबाराने त्यांना ठरवलेही तसेच. त्या सहा जणांची निष्ठा दानजोंग या मुलाशी होती, म्हणून ती स्वामिनिष्ठा.

त्यांनी ही निष्ठा कशी व्यक्त केली याच्या ज्या परंपरागत कथा आहेत त्या जवळजवळ सगळ्या भाषेच्याच कथा आहेत. चौकशीच्या वेळी त्या सहांपैकी सॉंग साम-मुन याने सेजोला ‘महाराज’ या अर्थाच्या संबोधनाने हाक मारली नाही, एखाद्या सरदाराला म्हणावे तसे ‘नारी’ म्हटले (हा कोरियन शब्द, आपला स्त्रीवाचक नव्हे). आपण ‘रावसाहेब’ म्हणू तसे. त्यांतलाच पाक पेंग-न्यॉन हा प्रांताधिकारी असताना राजाला पाठवलेल्या पत्रांत स्वतःचा उल्लेख करताना ‘सेवक’ या अर्थाच्या चिनी अक्षराऐवजी त्याच्यासारखेच दिसणारे, पण ‘प्रचंड’ असा अर्थ असलेले दुसरे अक्षर लिहीत असे आणि हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते, असे सांगतात. एखाददुसऱ्या रेघेच्या फरकाने त्याने ‘मी तुझा सेवक’ हे लिहिणेच टाळले. हे लोक असे का वागले असतील याचा उलगडा त्यांच्या व्यवसायात आहे. सेजोंगने 1446 मध्ये कोरियन लिपी जाहीर केली तेव्हा तिचे विवरण लिहिणाऱ्या आठ विद्वानांत सॉंग साम-मुन, पाक पेंग-न्यॉन, यी गे आणि शिन सुक-जू हे चौघेही होते. दहा वर्षांनी त्यांतले पहिले तिघे सायुकशिन म्हणून मेले आणि चौथा सेजोच्या पंगतीत राहिला.

सॉंग साम-मुनची आणखी एक गोष्ट मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. सेजोने दिलेले वेतनाचे धान्य त्याने खाल्लेच नाही, वेगळ्या खोलीत जसेच्या तसे साठवून ठेवले, अशी कथा आहे. कोरियनमध्ये नोकरीत असण्याला ‘वेतन खाणे’ असा वाक्प्रचार आहे, आणि आपल्याकडे ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ आहे, ‘निमकहराम’ आहे. जे खाल्लेच नाही त्याला जागण्याचा प्रश्न येत नाही, हा त्याचा युक्तिवाद ‘स्वामिनिष्ठा’ या भारदस्त शब्दापेक्षा ‘मिठाला जागला’ या बोलीतल्या शब्दांनी अधिक चांगला कळतो.

‘इमान’ येतो तो याच कुळातून. अरबीत तो श्रद्धावाचक आहे, मराठीत तो दिलेल्या शब्दाचा, खाल्ल्या अन्नाचा आणि मैत्रीचा झाला. कोरियनमध्ये राजाप्रती असलेली ती ‘छुंग’ आणि मित्रांमधली ती ‘उइरी’ असे दोन वेगळे शब्द आहेत. छुंगसाठी ‘स्वामिनिष्ठा’ आणि उइरीसाठी ‘इमान’ अशी वाटणी मला पटते. मालिकेत किम सुंग-यू, जॉंग जोंग आणि शिन सुक-जूचा मुलगा शिन म्यॉन हे तिघे जिवलग मित्र आहेत, आणि त्यांतला शिन म्यॉन वडिलांच्या बाजूने जातो. त्याला ‘निष्ठाहीन’ म्हटले तर शब्द पुस्तकी वाटतो आणि अर्थही सुटतो, कारण बापाशी तो निष्ठावंतच आहे. तो मित्रांशी बेइमान झाला, एवढेच म्हणावे. ‘फितूर’ हा शब्द मात्र त्याला लावू नये आणि त्याच्या वडिलांनाही लावू नये. आतल्या गोटात राहून शत्रूला मिळतो तो फितूर. शिन सुक-जू उघडपणे सूयांगच्या पक्षात होता. 1456 च्या कटात सामील असून ऐन वेळी बातमी फोडणारा किम जिल हा खरा फितूर.

लोकांनी मात्र हा बारकावा पाळलेला नाही. मोड आलेल्या मुगांना कोरियात ‘सुकजू नामुल’ म्हणतात, आणि ते लवकर आंबतात म्हणून त्यांना या मंत्र्याचे नाव पडले अशी लोकव्युत्पत्ती आहे. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, ज्याने लिपीचे विवरण लिहिले त्याचे नाव रोजच्या भाजीवर नासकेपणाची खूण म्हणून उरावे, ही शिक्षा जबर म्हणावी लागेल.

राहिली नायिका से-रयॉंग. तिच्या बाजूने ‘एकनिष्ठ’ हा शब्द वापरताना वाचकाला संकोच का वाटला असेल ते मी समजू शकतो. मराठीत मंत्र्याला ‘स्वामिनिष्ठ’ आणि स्त्रीला ‘पतिव्रता’ असे निरनिराळे शब्द आहेत, आणि से-रयॉंगच्या बाबतीत, वडील ज्याचा वंश संपवायला निघाले त्याच्यासाठी ती घर सोडते तेव्हा, दुसरा शब्द अपुरा पडतो. कोरियनमध्ये ‘जॉल्गे’ नावाचा एक शब्द आहे. त्यातल्या पहिल्या अक्षराचा मूळ अर्थ बांबूचे पेर असा आहे, आणि दोन राजांची सेवा न करणारा मंत्री व दुसरा पती न करणारी स्त्री, या दोघांच्याही वर्तनाला हाच शब्द लावतात. दोघांना एका ओळीत बसवणारे एक वचनही चीनमधून तिकडे आलेले आहे. ‘सत्त्व राखणे’ हा आपला प्रयोग याच्या बराच जवळ जातो.

त्याहूनही मोलाचा शब्द ‘निम’ आहे. हल्लीच्या प्रमाण लेखनात तो ‘इम’ असा लिहितात. जुन्या कोरियन कवितेत ‘निम’ म्हणजे प्रियकर किंवा प्रेयसी, आणि ‘निम’ म्हणजेच राजा. दानजोंगला योंगवॉलला पोहोचवून परतणाऱ्या वांग बांग-यॉन या अधिकाऱ्याच्या नावावर एक तीन ओळींची कविता आहे. दूरच्या वाटेवर सुंदर ‘निम’चा वियोग झाला, मन कोठे ठरेना म्हणून ओढ्याकाठी बसलो, तर तोही माझ्यासारखाच रडत रात्रीतून वाहतो आहे, एवढाच तिचा आशय आहे. कवी कोण आणि प्रसंग कोणता हे ठाऊक नसेल तर ती विरहिणीचीच कविता वाटेल. सोळा वर्षांच्या पदच्युत राजासाठी राजदरबारातला पुरुष हे लिहितो आणि त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटत नाही.

आपल्याकडे ‘नाथ’, ‘धनी’ आणि ‘स्वामी’ यांना असा दुहेरी अर्थ आहे, पण ‘निम’च्या सर्वांत जवळ जाणारा शब्द ‘राया’ आहे. तो राजाचेच संबोधन, लावणीत तो प्रियकराचा झाला, आणि तोच ‘पंढरीराया’ म्हणताना विठ्ठलाचा झाला. फरक सुराचा आहे. लावणीतला ‘राया’ लाडिक आहे, ‘निम’ दुरून घातलेली हाक आहे, म्हणून मालिकेवरच्या लेखात त्याचे भाषांतर करू नये, ‘निम’च ठेवून एकदा समजावून द्यावा.

जाता जाता मालिकेच्या नावाविषयी. मूळ कोरियन नावाचा शब्दार्थ ‘राजकन्येचा पुरुष’ असा होतो, आणि हे मराठीत अवघडच वाटते. से-रयॉंग आपल्या चुलतबहिणीच्या, राजकन्या ग्यॉंगहेच्या, जागी गुपचूप शिकायला बसते आणि शिकवणारा किम सुंग-यू तिलाच राजकन्या समजतो, तेथून हे नाव सुरू होते. मी ‘राजकन्येचा माणूस’ असे सुचवीन. ‘हा पाटलांचा माणूस’ म्हणताना आपण इमान मोजतो, आणि खेड्यातली बाई ‘माझा माणूस’ म्हणते तेव्हा ती नवऱ्याविषयी बोलत असते.