"मॅडम, मला घामच येत नाही"

एप्रिल लागला की व्हीलचेअरवर खेळणारी पोरं माझ्याकडे समुपदेशनाला येतात आणि प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, दहा मिनिटांत मी गळपटतो, बाकीचे खेळत असतात, मी आळशी झालोय का?" यंदा इतक्यांदा ऐकलं की म्हटलं लिहूनच टाकू. खालचा मुलगा दोन-तीन जणांचा मिळून केलाय, ओळख लपावी म्हणून.

वय पंचविशीतलं, बाइकच्या अपघातात मानेतल्या मज्जारज्जूला इजा, व्हीलचेअर रग्बी खेळतो. हॉल पत्र्याचा. कोच ओरडणार, "अजून घाम निघाला नाही तुझा!" आणि याला मानेखाली घाम जवळजवळ येतच नाही, कारण मेंदूकडून घामाच्या ग्रंथींना जाणारा निरोप मानेतच अडकतो. खांदे-दंड मात्र राबतायत, म्हणजे उष्णता तयार होतेच, ती आत साठत जाते आणि खेळ थांबला तरी लगेच उतरत नाही. इजा जितकी वर तितका घाम कमी, त्यामुळे कंबरेत इजा असलेल्या दोस्ताशी तुलना करण्यात अर्थच नसतो.

फिजिओने त्याला अंग गार ठेवायला पाण्याची स्प्रे बाटली दिलेली, ती कायम बॅगेत. का रे? "पोरं म्हणतात पार्लरमध्ये आलायस का. आणि पेटकर सरांनी कुठे फवारे मारून घेतले?" म्हणजे आपले मुरलीकांत पेटकर, 1965 च्या युद्धात मणक्यात गोळी लागलेले, 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड. म्हटलं, अरे ते पाण्यातच होते की! खूप हसला. बाटली बॅगेतच राहिली. विनोदाने काम भागत नाही हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीवाली बाई, म्हणजे त्रासामागचं मनातलं वाक्य शोधून ते तपासणारी, त्यामुळे चौथ्या भेटीत विचारलं, बाटलीला हात लावतोस तेव्हा मनात कुठलं वाक्य येतं, जसंच्या तसं सांग. बराच वेळ गप्प.
"ज्याने घाम गाळला नाही त्याने मेहनत केली नाही."
कोण म्हणतं?
"आबा म्हणायचे. शेतात."
आबांना घाम कशाला यायचा रे, मेहनतीची पावती म्हणून का अंग गार राहायला?

परत शांतता. अशा वेळी मला तोंड बंद ठेवता येतं, आणि त्याचा मला जरा अभिमानच आहे, कारण तिथे मी एक शब्द बोलले असते तर पुढचं वाक्य माझं झालं असतं. तो खिडकीकडे बघत म्हणाला, "म्हणजे माझा घाम बाटलीत आहे." मग स्वतःच, "आणि मी तो बॅगेत ठेवून खेळतोय, येडाच आहे." मराठीत मेहनत आणि घाम इतके चिकटलेत की त्याला कमजोरीपेक्षा कामचोर ठरायची भीती होती हे मलाही तेव्हाच उमगलं.

आता कामाचं. फवारा चेहरा, मान, हातांवर मारा आणि समोर पंखा हवाच, पाणी वाफ होऊन उडालं तरच गारवा येतो. खेळायच्या आधी गार पाण्याचे घोट किंवा चुरलेला बर्फ खा, ब्रेकमध्ये मानेवर ओला टॉवेल. तहान लागेपर्यंत थांबू नका. बरेच जण कॅथेटर (लघवीची नळी) आणि टॉयलेटच्या भीतीने पाणीच तोडतात, हे फार ऐकते मी, त्यापेक्षा पाण्याच्या वेळा डॉक्टरांसोबत बसवून घ्या. आणि गार वाटतंय म्हणजे आतून गार झालो असं धरू नका, ब्रेक घड्याळावर घ्या, लक्ष ठेवायला एक दोस्त ठेवा. चक्कर, मळमळ, बोलण्यात गोंधळ दिसला की खेळ बंद, सावलीत न्या, गार करा, डॉक्टरला बोलवा. छातीच्या मधोमध किंवा त्याहून वर इजा असेल आणि अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, तर ऊन लागलंय म्हणून आडवं करू नका, बसवा, कॅथेटर कुठे दबलाय का बघा आणि हॉस्पिटल गाठा.

परवा त्याचा फोन. मॅच मुंबईत, हवा दमट, फवाऱ्याचं पाणी अंगावरून उडतच नाही, काय करू? लाजेबद्दल अक्षरही नाही, हेच मला जास्त आवडलं. म्हटलं बर्फाच्या जॅकेटचं फिजिओला विचार, आणि जिथे संवेदना नाही तिथे बर्फ थेट ठेवू नको रे, कातडी भाजेल आणि तुला कळणारही नाही.