होंडा सिटीच्या कंपनीच्या रिमा स्विफ्टला बसतील का?

प्रश्न असा आहे: २०१६ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, १४ इंची लोखंडी रिमा, त्यातल्या दोन पेठ-सांगली रस्त्यावर वाकल्या. ओळखीत होंडा सिटीच्या १५ च्या कंपनीच्या ॲलॉय स्वस्तात मिळताहेत. दुकानदार म्हणतो, "चार होल, पीसीडी १००, डोळे झाकून बसवा." (पीसीडी म्हणजे नटांच्या होलांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये.) बसवू का, की बाहेरच्या, म्हणजे गाडीच्या कंपनीच्या नसलेल्या, १६ च्या नव्याच घेऊ?

बसतील. नटही आवळले जातील. तरी घेऊ नका.

"चार होल, पीसीडी १००" या एका वाक्याने किती गाड्या आमच्याकडे पाठवल्यात, ते सांगलीत बॅलन्सिंगचं मशीन चालवणाऱ्या कुणालाही विचारा. रिम विकणारा पैसे मोजून मोकळा होतो. आठवड्याभरात स्टिअरिंग थरथरायला लागलं की शिव्या मात्र बॅलन्सिंगवाल्याला. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

एक पांढरी स्विफ्ट आली होती, तुमच्याच मॉडेलची, तासगावकडची. बाहेरच्या १५ च्या चकचकीत ॲलॉय घातलेल्या. तक्रार अशी की गावात गाडी लोण्यासारखी, पण पेठ नाक्यावरून हायवेला लागून ८० ओलांडलं की स्टिअरिंग थरथरतं, ९५-१०० ला सगळ्यात जास्त. येण्याआधी तीन ठिकाणी बॅलन्सिंग झालेलं, दोनदा अलायमेंट, लोअर आर्मचे बुश नवे. कुणीतरी पुढचे टायर मागे घालून बघितले, तर हातातली थरथर थोडी सीटखाली गेली, एवढंच. म्हणजे दोष चारही चाकांत होता.

चाकं काढून मशीनवर लावली. चारही शून्य-शून्य. इथेच माणसं फसतात. बॅलन्सिंग मशीन चाक धरतं ते मधल्या भोकातून, शंकू घालून. मशीनवर चाक अगदी बरोबर केंद्रात असतं. गाडीवर तेच चाक केंद्रात असेलच असं नाही. गाडीच्या ज्या फिरत्या भागावर चाक बसतं तो हब. स्विफ्टच्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिलिमीटर. कंपनीच्या रिमचं मधलं भोक तेवढंच, त्यामुळे रिम हबवर टोपणासारखी बसते. बाहेरच्या रिमा एकाच साच्यातून दहा गाड्यांसाठी काढतात, म्हणून भोक मोठं ठेवतात. ७३.१ हा नेहमीचा आकडा. या गाडीत तोच होता. हब आणि रिम यांच्यात सगळीकडून साडेनऊ मिलिमीटरची पोकळी, करंगळी आत जाईल एवढी. ती भरायला हब रिंग लागते, बाहेरून ७३.१, आतून ५४.१. रिम विकताना ती दिलीच नव्हती.

आता हिशोब बघा. टायरसकट चाक १५ किलोच्या आसपास. ते केंद्रापासून अर्धा मिलिमीटर जरी सरकलं, तरी परिणाम रिमच्या कडेला एका बाजूला ४० ग्रॅमचं शिसं चिकटवल्यासारखा होतो. आम्ही ५ ग्रॅमवरून भांडतो आणि इथे ४० ग्रॅम दिसत नाहीत, कारण ते मशीनवर चढवल्यावर नसतातच. गाडीवर चढवल्यावर येतात. अशा गाडीला शंभरदा बॅलन्सिंग केलं तरी फरक पडायचा नाही.

नट काढताना दुसरी गंमत कळली. मारुतीचा स्टड (हबमधला बोल्ट, ज्यावर नट चढतो) एम १२, म्हणजे १२ मिलिमीटर जाड, आटे १.२५ चे, म्हणजे दोन आट्यांत १.२५ मिलिमीटर अंतर. ह्युंदाई आणि होंडाचे एम १२ च, पण आटे १.५ चे. डोळ्यांना सारखेच दिसतात. १.५ चा नट १.२५ च्या स्टडवर हाताने दोन फेरे जातो आणि अडकतो. शहाणा माणूस तिथे थांबतो. एअर गनवाला थांबत नाही. गन आटे कापत नट आत नेते, वरून बघाल तर एकदम घट्ट. या गाडीत असे पाच नट होते. एक काढताना स्टडसकट हातात आला, आट्यांच्या जागी तारेसारखी चमकती गुंडाळी. असलं चाक हायवेवर निखळलं तर दोष कुणाला देणार, बॅलन्सिंगवाल्याला?

पाच स्टड नवे ठोकले, सोळाही नट १.२५ चे घातले, ॲल्युमिनियमच्या चार रिंगा. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढला, रिंगेला आतून-बाहेरून ग्रीसचा पातळ हात. हा हात विसरलात तर वर्षभराने रिंग गंजून हबला धरते आणि पंक्चरच्या वेळी चाक निघता निघत नाही. मग चाक हवेत असतानाच नट हाताने शेवटपर्यंत, फुलीच्या क्रमाने हलके आवळून, गाडी खाली सोडून टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंत आवळलं की टक् वाजणारा पाना. पेठ नाका ते कासेगाव नेऊन आणली. १०० ला स्टिअरिंगवर दोन बोटं ठेवून गाडी सरळ चालली.

त्या रिमा विकणारे दादा पुढे एकदा भेटले, तेव्हा ऐकवलं. त्यांचं उत्तर, "काय तुमचं ते मिलिमीटर! नट आवळला की रिम आपोआप मधी येतीया." हा वाद गेली कैक वर्षं चालू आहे आणि त्यात त्यांचं अर्धं खरं आहे, म्हणून तो मिटत नाही. ६० अंशाचा शंकूसारखा नट रिमला मधे ओढतो, बरोबर. पण कधी? चाक हवेत असेल, चारही नट थोडे थोडे, समोरासमोर आवळले तर. रस्त्यावर पंक्चर काढताना कोण असं करतं? गाडी निम्मी खाली टेकलेली, पहिला नट गनने फुल्ल. रिम तिथेच खाली लटकून धरली जाते. उरलेले तीन नट तिला वर उचलत नाहीत. रिंग वजन पेलत नाही, ती फक्त रिमला जागा दाखवते. एवढ्या स्वस्त वस्तूवर वाद घालण्यापेक्षा विकतानाच द्यायला काय होतं?

आता तुमच्या सिटीच्या रिमा. पीसीडी ४×१००, जुळतो. मधलं भोक ५६.१, तुमचा हब ५४.१, म्हणजे सगळीकडून एक मिलिमीटर सैल. त्याला रिंग मिळते, पण एक मिलिमीटर जाडीची, बांगडीसारखी. दोनदा चाक काढलं की चेपते. खरी अडचण नटाची आहे. होंडाच्या कंपनीच्या रिममध्ये नट बसायची जागा गोलाकार असते, गोटी बसावी तशी. मारुतीचा नट शंकूसारखा. शंकू गोल खळग्यात घातला की तो सगळ्या पृष्ठभागावर टेकत नाही, एका बारीक कड्यावर टेकतो. टॉर्क रेंच टक् म्हणतो, तुम्ही निश्चिंत होता, आणि दोन-चारशे किलोमीटरमध्ये ते कडं ॲल्युमिनियममध्ये रुतून नट ढिले. होंडाचेच नट घालावेत, तर आटे १.५ चे. म्हणजे गोल बुडाचा पण १.२५ आट्यांचा नट शोधत फिरा. सांगली-मिरजेत दुकानं पालथी घालाल. (उलटं, मारुतीची रिम होंडाला घालायला काही महाभाग भोक लेथवर वाढवून आणतात. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.)

त्यापेक्षा त्याच पैशांत स्विफ्ट झेडएक्सआय, डिझायर, बलेनो किंवा सियाझच्या उतरवलेल्या १५ च्या रिमा शोधा. नवी गाडी घेतल्या घेतल्या रिमा बदलणारी पोरं कोल्हापूर-सांगलीत कमी नाहीत, त्यांच्या काढलेल्या मिळतात. सगळ्या ४×१००, ५४.१, शंकूचा नट. तुमचेच नट चालतात, रिंग लागत नाही. ह्युंदाई आय२० च्या मिळाल्या तरी भोक ५४.१ च, फक्त त्यांचे नट सोबत घेऊ नका, स्वतःचेच वापरा. फोर्ड फिगोच्या (४×१०८) आणि जुन्या फियाट पालिओच्या (४×९८) रिमांकडे बघूही नका. पालिओची जास्त धोकादायक, कारण दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, नट तिरके धरून बसतात. खात्री करायची तर व्हर्नियरने एका होलच्या आतल्या कडेपासून समोरच्या होलच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा, तोच पीसीडी. कापडी टेपने मोजू नका.

१६ चं म्हणाल, तर माझं मत विचारू नका, आणि विचारलंच आहे तर नको. टायरच्या व्यासात अडचण नाही. तुमचा १६५/८० आर१४ भरतो ६२० मिलिमीटर, १८५/६५ आर१५ भरतो ६२१.५ आणि १९५/५५ आर१६ भरतो ६२१. स्पीडोमीटर तिन्हींत सारखाच. फरक टायरच्या भिंतीत आहे: १४ ला १३२ मिलिमीटर रबर, १५ ला १२०, १६ ला १०७. खड्ड्याच्या कडेवर १४ ची भिंत दबते आणि रिम वाचते, १६ ची दबून संपते आणि पुढचा मार रिम खाते. लोखंडी रिम वाकली तर ठोकून काढता येते. ॲलॉयला तडा गेला की ती भंगार. गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे, समोरचा खड्डा दिसत नसताना गाडी चालवणाऱ्याने १६ घालणं म्हणजे हौस. हौसेला मोल नसतं, रिमला असतं.

ऑफसेट न बघता रुंद रिम घेऊ नका. रिम हबला जिथे टेकते ती जागा रिमच्या रुंदीच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर आहे, तो ऑफसेट. जुन्या रिमच्या मागे ईटी आणि पुढे आकडा ठोकलेला असतो, तो वाचा. समजा तुमची साडेपाच जे (साडेपाच इंच रुंद), ईटी ४५ आणि नवी साडेसहा जे, ईटी ३५. रुंदीचा एक इंच दोन्हीकडे वाटला तर १२.७ मिलिमीटर, त्यात ऑफसेटचे १० बाहेरच्या बाजूला. चाक २२.७ मिलिमीटर बाहेर येतं आणि आत फक्त २.७ सरकतं. दिसायला भारी, पण मागे तीन माणसं बसवून स्पीडब्रेकर घेतला की मडगार्डची कड टायर खरवडते, हबच्या बेअरिंगवर वाढीव तरफ पडते ती वेगळीच. पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. स्पेसर (हब आणि रिम यांच्यामधली चकती) घालून जुळवतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि निघा.

वापरलेली रिम घेताना टायर उतरवून मशीनवर रिकामी फिरवायला सांगा. आतली आणि बाहेरची कड मोजायचा काटा (डायल गेज) लावून बघा. एक मिलिमीटरहून जास्त डोलत असेल तर परत करा. नवा रंग दिसला की संशय घ्या, रंगाखाली वेल्डिंग असतं. आतल्या बाजूला रॉकेल चोळा, बाहेरून खडूची पूड फासा, अर्धा तास थांबा. तडा असेल तर पूड त्या रेषेत ओली होते. नवी घेत असाल तर मागे आयएसआयचा शिक्का आणि कमाल वजनाचा आकडा ठोकलेला हवा. माणसं-सामानासह स्विफ्ट चौदाशे किलोच्या आसपास जाते, पुढच्या चाकांवर जास्त, त्यामुळे एका रिमला ४५० च्या खाली घेऊ नका.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. रिंगेशिवाय वर्षानुवर्षं चालणाऱ्या गाड्याही आहेत, नाही असं नाही. फिटर हाताचा चांगला असेल आणि गाडी गावातच फिरत असेल तर कळतही नाही. आणि बाहेरच्या रिमा विमा कंपनीला कळवून पॉलिसीत लिहून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी त्या तुमच्या गाडीच्या नाहीतच असं उत्तर येतं. टायरचा आकार कंपनीच्या वरच्या मॉडेलचाच ठेवलात तर पासिंगला वाद होत नाही.

बसवून घेताना नट हाताने फिरवून दाखवायला सांगा. दोन बोटांनी आठ-नऊ फेरे सहज गेला पाहिजे, अडला की तो नट तुमचा नाही. टॉर्क गाडीच्या पुस्तकात असतो, तेवढाच, रेंचने. शंभर किलोमीटरने पुन्हा आवळून घ्या. स्टेपनी १४ चीच राहू द्या, व्यास जुळतोय. मात्र रिमसोबत वेगळे नट आले असतील तर जुने चार डिकीत ठेवा, लोखंडी रिमला तेच लागतील. ही गोष्ट लोकांना पाऊस चालू असताना शिराळ्याच्या रस्त्यावर आठवते.