आधी माप, मग माल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे तीन फोटो आणि लांबलचक मेसेज मिळाला. मी हे कागदावर लिहून तुझ्या बहिणीला फोटो काढून पाठवायला सांगतोय. मोबाईलवर माझी बोटं चालत नाहीत.

तिकडे कॅनडात सस्कॅचेवानला बंदुकीचा कोर्स पास झालास, परवाना निघाला, बदकांचं परमिटही काढलंस. ते ठीक. आता विचारतोस काय, तर नळ्या बाजूबाजूला की खालीवर, काडतूस तीन इंची की साडेतीन इंची, आणि ती इंग्लंडची जुनी दुनळी स्वस्तात मिळतेय ती घेऊ का. तीन बंदुकांची नळीपासून नक्षीपर्यंत सगळी माहिती पाठवलीस. तुझ्या हाताची लांबी मात्र कुठे नाही. मान किती उंच, ते नाही. अंगात काय घालून उभा राहणार, ते तर नाहीच. चाळीस वर्षं मी युनिफॉर्म शिवले. गिऱ्हाईक दारातूनच कापडाचा भाव विचारतं, मी गळ्यातली टेप काढतो. आधी माप, मग माल.

बंदुकीचं तेच आहे, उलट जास्तच आहे. दुनळीला रायफलीसारखी मागची नेमकाठी नसते. तुझा डोळा हीच मागची नेमकाठी. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, लांब झाला तर काखेत अडकतो, आखूड झाला तर अंगठा नाकावर आपटतो. गाल टेकतो ती कड उंच असेल तर बार वरून जातो, खाली असेल तर खालून. बदक तासाला साठ-सत्तर किलोमीटरने जात असतं. त्या वेळी तू मान वाकडी करून डोळा जागेवर आणणार का? बंदूक खांद्याला लागली की डोळा आपोआप नळीवरच्या पट्टीवर आला पाहिजे, शर्ट अंगात जातो तसा.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. 1970 चा हिवाळा, मी तेरा-चौदा वर्षांचा. वडिलांबरोबर पहाटे सोलापूरजवळ हिप्परग्याच्या तलावावर गेलो होतो. तेव्हा परवान्यावर शिकार चालायची. वडील सहा फुटी, दस्ता त्यांच्या मापाचा. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस, पट्टकदंब म्हणतात ते, आवाज करत आले. मी बंदूक उचलली, दस्ता स्वेटरला अडकला, खांद्याऐवजी दंडावर बसला आणि तसाच बार काढला. एक हंस तिरका होत लव्हाळ्यात पडला. मेला नव्हता. अंधार पडेपर्यंत शोधला, सापडला नाही. दंड आठ दिवस काळानिळा होता, त्याचं काही नाही. वडील घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्यांना वाटलं, पोराचा हात कच्चा. मलाही वीस वर्षं तेच वाटलं.

पुढे 1972 चा वन्यजीव कायदा आला, 1991 च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीचं दारही बंद झालं. बरंच झालं. आता मी त्याच तलावावर दुर्बीण घेऊन जातो. पण तिकडे तू कायद्याने बार काढणार आहेस, म्हणून लिहितोय. तिथे तुझ्यामुळे एकही पक्षी लव्हाळ्यात तडफडत राहता कामा नये.

आता तुझे प्रश्न. बाजूबाजूला की खालीवर? दोन्हींनी बदक पडतं. खालीवरच्या बंदुकीत नजरेखाली एकच नळी दिसते, नवख्याला सोपं जातं. बाजूबाजूची भरताना कमी उघडावी लागते, लपणात बसल्यावर ते सोयीचं. साडेतीन इंची नको. धक्का खाऊन खाऊन तू चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागशील. तीन इंची पुष्कळ. दोन चाप असले तर कोणती नळी आधी ते बोट ठरवतं, ही मोठी सोय. पण तिकडचे जाड हातमोजे घालून बोट दोन्ही चापांत नीट फिरतं का ते बघ. पुन्हा मापच की रे!

जुन्या बंदुकीचा नाद सोड. कॅनडात पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे 1999 पासून देशभर बंद आहेत, म्हणजे तुला बहुधा स्टीलचे घ्यावे लागणार. शिसं चोकमधून, म्हणजे नळीच्या टोकाच्या अरुंद भागातून, जाताना दबतं, स्टील दबत नाही. जुन्या पातळ नळीला, घट्ट चोकला ते फुगवू शकतं. बिस्मथचे छर्रे मऊ असतात, पण महाग. शिवाय अशा कित्येक बंदुकांचं काडतूस बसायचं घर अडीच इंचाचं असतं. पावणेतीन इंची काडतूस त्यात सरळ जातं, झाकण लागतं, माणूस खूश. बार झाल्यावर काडतुसाचं तोंड उघडायला जागा नसते आणि आत दाब वाढतो. आत गेलं म्हणजे बसलं असं नाही. स्टीलला चालते असं बनवणाऱ्याने सांगितलेलीच बंदूक घे, चोक मोकळा ठेव, छर्रा शिशाच्या मानाने दोन नंबर मोठा घे, चारच्या जागी दोन; नंबर लहान तसा छर्रा मोठा. पस्तीस यार्डांपलीकडे बार काढू नकोस.

मीही नक्षीला भुललो होतो. पस्तिशीत मातीच्या तबकड्या मारायचा नाद लागला. एका शाळेच्या ऑर्डरचे पैसे आले आणि मी जुनी, चांदीसारख्या पत्र्यावर बदकं कोरलेली बंदूक घेतली. अक्रोडाचा दस्ता असा की हात फिरवत बसावं. माझ्यासाठी तो इंचभर आखूड होता. मागे रबर लावून लांब करायचं सोडून मी तीन वर्षं नाक सुजवून घेतलं, लाकडाची शोभा जाईल म्हणून! नेम बिघडला तो बिघडलाच. दुसऱ्यांची मापं घेणारा मास्तर, आणि स्वतःचं घेतलं नाही.

ती विकली आणि वडिलांचीच बाहेर काढली. सुताराकडून दस्ता सव्वा इंच कापून घेतला. त्यावर धाकटा भाऊ दोन वर्षं बोलत नव्हता. वडिलांच्या वस्तूला करवत लावली, किंमत मातीत घातली, म्हणे. अरे, ती भिंतीवर टांगायची वस्तू होती का? त्या कापलेल्या दस्त्यावर मी पहिल्याच रविवारी पंचवीसपैकी एकोणीस तबकड्या फोडल्या. वडील असते तर त्यांनी स्वतः करवत धरली असती. भावाला हे अजून पटत नाही. न पटो. आता ती बंदूक निवडणुका आल्या की पोलीस ठाण्यात जमा होते आणि परत आली की मी तेल लावून कपाटात ठेवतो, एवढंच तिचं काम. पण माझ्या खांद्याला ती आजही बसते.

दुकानदार कोपरात दस्ता टेकवून बोट चापावर पोचतं का बघेल आणि परफेक्ट म्हणेल. तो खेळ आहे, माप नव्हे. तू असं कर. शर्टावर जाऊ नकोस, ऑक्टोबरात पाण्यावर घालणार ते जाड जाकीट घालून जा. जाकीटच अर्धा इंच खातं, म्हणून दस्ता तेवढा आखूड लागेल. बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे स्वतः बघ. मग डोळे मिटून ती खांद्याला लाव आणि डोळे उघड. पट्टी थोडीशी आणि टोकाचा मणी दिसला पाहिजे. दहा वेळा कर. सात वेळा जमलं तर चालेल असं मनाला समजावू नकोस. घेतल्यावर सोळा यार्डांवर मोठा कागद लाव, मध्ये ठिपका काढ, न नेमता पटकन बार काढ. छर्ऱ्यांचा मध्य इंचभर डावीकडे गेला तर दस्त्यात एक षोडशांश इंचाची दुरुस्ती. दोन इंच गेला तर दुप्पट. तिथल्या बंदूक-कारागिराला हे हिशेब पाठ असतात.

आणि एक, कोणता डोळा वरचढ आहे ते आजच बघ. दोन्ही हात लांब करून तळव्यांत छोटं भोक ठेव, त्यातून दूरचा दिवा धर, मग एकेक डोळा मिट. डावा मिटल्यावर दिवा पळाला तर तुझा डावा डोळा वरचढ. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याला मग वेगळा इलाज करावा लागतो, ते पुढच्या पत्रात.

जाकीट घालून दोन फोटो पाठव, एक समोरून, एक बाजूने, हात सरळ. बहिणीकडून चिकटवायची नव्हे, मोजायची टेप मागवून घे, तिकडची इंचवाली मिळाली तरी चालेल. शेंगाचटणी आईकडे दिली आहे, कडक भाकरीचा पुडा पार्सलात मोडेल म्हणून ठेवून घेतला.

तुझा,
मास्तरकाका