भूमध्य समुद्राकाठच्या पद्धतीचा साधा, पौष्टिक मासा घरी कसा करावा?

सुरुवात 'आक्वा पात्सा'पासून करा. इटलीत नेपल्सच्या बाजूला हा प्रकार करतात, नावाचा शब्दशः अर्थ 'वेडं पाणी'. तळण नाही, वाटण नाही, मसाला नाही. म्हणूनच मासा मात्र अगदी ताजा हवा. तिकडे सी बास किंवा सी ब्रीम घेतात. आपल्याकडे जिताडा (गोव्यातला चोणक) किंवा तांबोशी छान लागते.

पसरट भांड्यात तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल आणि लसणाच्या तीन-चार पाकळ्यांचे काप मंद आचेवर ठेवा. लसूण लाल होऊ देऊ नका, कडवटपणा सगळ्या रश्श्यात उतरतो. मग पाव किलो छोटे टोमॅटो अर्धे करून घाला, थोडी सुकी मिरची, मीठ आणि कपभर पाणी. पाच मिनिटं उकळू द्या, म्हणजे तेल आणि टोमॅटोचा रस मिळून येतो. खरी चव इथेच तयार होते. आता मासा ठेवा, झाकण घाला. अर्ध्या किलोच्या अख्ख्या माशाला दहा-बारा मिनिटं, तुकड्यांना सहा-सात. काट्याजवळचं मांस पांढरं होऊन सहज सुटलं की लगेच उतरवा. जास्त शिजवलेला मासा कोरडा पडतो, आणि आपल्याकडे ही चूक फार होते.

वरून पार्सली. ती नसेल तर बेसिल चालेल. कोथिंबिरीने चव पार बदलते, म्हणून मी ती टाळते. हळदही नको. रस्सा पावाने टिपून खा.

बांगडा, तारली मिळाली तर आणखी सोपं: मीठ-तेल लावून ग्रिलवर भाजा, वर लिंबू पिळा.