58 हजार घालू की नवी घेऊ?

प्रश्न : काका, आमची 2012 सालची पेट्रोल वॅगन आर आहे, एमएच-08 पासिंगची. 1 लाख 12 हजार किलोमीटर झालेत. परवा गॅरेजवाल्याने 58,000 रुपयांचं एस्टिमेट दिलं : क्लच सेट 9,000, पुढचे शॉकअप आणि चाकं बॉडीशी जोडणारे लोअर आर्म 14,000, एसीची कूलिंग कॉइल 8,500, चार टायर 14,000, टायमिंग बेल्ट 5,500, दारांखालच्या दोन्ही रनिंग बोर्डांचा सडलेला पत्रा 7,000. वर तोच म्हणाला, "अशीच द्या, 75 हजार देतो." मुलगा पुण्यात असतो. त्याचं म्हणणं, 2027 मध्ये 15 वर्षं भरली की गाडी तशीही भंगारात जाणार. नवी घ्यायची तर 5 लाखांचं कर्ज काढावं लागेल. आमचा वापर म्हणजे बाजार, माझी शाळा, सासऱ्यांना महिन्यातून एकदा डेरवणच्या दवाखान्यात नेणं आणि गणपतीत गुहागर.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, आधी एस्टिमेटमधले ते 5,500 खोडा. तुमच्या गाडीला के-सिरीजचं इंजिन आहे, त्याला टायमिंग बेल्ट नसतोच, चेन असते. नसलेला पार्ट बदलून देणारा माणूस गाडी 75 हजारांना मागतोय, एवढं ध्यानात ठेवा आणि दुसऱ्या मेकॅनिककडे जा.

आता मुलाचं. 10 वर्षांचं डिझेल आणि 15 वर्षांचं पेट्रोल बंद, हा दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागाचा मामला. आपल्याकडे खासगी गाडी 15 वर्षांनी आरटीओत दाखवायची, पास झाली की पुढच्या 5 वर्षांची नोंदणी मिळते. 2022 पासून त्याची फी 600 वरून 5,000 झाली आहे, शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. खर्च आहे, पण तेवढ्यासाठी कुणी गाडी मोडत नाही.

75 हजारांच्या गाडीत 52 हजार कशाला घालायचे, असं घरात कुणीतरी म्हणालं असेलच. हा हिशेब लोक नेहमी करतात आणि तो चुकीचा आहे. विकायचीच नसेल तर तिच्या किमतीशी काय देणंघेणं? तुलना करायची ती नव्या गाडीच्या वर्षभराच्या खर्चाशी. 5 लाख, 5 वर्षं, 9 टक्के व्याज धरलं तर हप्ता जवळपास 10,400 बसतो. म्हणजे तुमची सगळी दुरुस्ती साधारण पाच हप्त्यांत उरकते. नव्या गाडीचा विमाही जास्त. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, नवी स्वस्त झाली हे खरं, पण कर्ज ते कर्ज.

क्लच, शॉकअप, आर्म, टायर ही झिजायचीच कामं. क्लच करताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदलून घ्या, कारण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा कोण देणार? टायरच्या कडेला चार आकडे असतात, शेवटचे दोन म्हणजे वर्ष. टायर सात वर्षांचे असतील तर नक्षी कितीही चांगली दिसो, काढून टाका. एसी म्हणजे चैन, असं समजून तो पुढे ढकलू नका. आपल्याकडच्या पावसात काचा आतून धुरकटतात, तेव्हा एसीच कामाला येतो. म्हणून मे संपायच्या आत करा. इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांवरही नजर ठेवावी लागते. त्या पाहायला सांगा, काम फार मोठं नाही.

माझी खरी काळजी आहे ती तुम्ही यादीत शेवटी लिहिलेल्या पत्र्याची. मी एसटीच्या वर्कशॉपात होतो. कोकणात इंजिनाच्या आधी बॉडी जाते हे तिथे रोज दिसायचं. खारं वारं, चार महिने ओल, चाकाच्या कमानीत साचलेला लाल चिखल. गाडी लिफ्टवर चढवायला सांगा आणि स्वतः खाली उभ्या राहा. मेकॅनिकला जाड स्क्रूड्रायव्हरने ठोकत जाऊ दे : रनिंग बोर्ड, पुढचा क्रॉस मेंबर (गाडीखालची आडवी तुळई), लोअर आर्म जिथे बॉडीला बोल्टने धरतो ती जागा. मग कार्पेट उचलून फ्लोअर आणि बॉनेट उघडून शॉकअपचं वरचं टोक जिथे बसतं ते टॉवर. रनिंग बोर्ड कापून नवा पत्रा वेल्ड करता येतो, ते काम चालतं. टॉवरमध्ये किंवा आर्मच्या जागी स्क्रूड्रायव्हर आत गेला तर मात्र एक रुपयाही घालू नका. आणि गंजावर काळं कोटिंग मारून घ्यायचं नाही, त्याखाली पत्रा सडतच राहतो.

ठोकून पत्रा शाबूत निघाला तर दुरुस्ती करा, असं मी सांगेन. तुमचा वापर गावातला आहे. एकच बाजू मला खटकते : तुमच्या गाडीत बहुधा एअरबॅग नाहीत, जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएसही नसेल. 2019 पासूनच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं आणि नंतर पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅगही. मुलगा हीच गाडी घेऊन दर शनिवारी कुंभार्ली घाट उतरणार असेल तर माझं उत्तर बदलतं, मग नवी घ्या. जुनी-नवी म्हणून सेकंडहँड बघायला जाल तर चिपळुणात जुलै 2021 च्या पुराचं पाणी गाडीत शिरलं होतं का, ते आधी पाहा. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, चिखलाची रेघ तिथेच राहते.

पत्रा गेलाच असेल तर तुमच्या या गॅरेजवाल्याला किंवा ओळखीच्या भंगारवाल्याला गाडी देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या, सर्टिफिकेट घ्या, आरसी रद्द करून घ्या. नाहीतर गाडीचा सांगाडा कुठेतरी फिरत राहील आणि चलन तुमच्या नावावर येईल.